दिवाळीचा बाजार : एक घरगुती वाद

दसऱ्याचे सोने वाटून होते न होते तोच लक्ष्मी रस्त्यावर पाऊल ठेवण्यास जागा उरू नये, तुळशीबागेत पणत्यांचे आणि रांगोळीच्या छाप्यांचे ढीग वाटेवर यावेत, आणि ज्यास घराबाहेर पडावयाचेच नाही त्याच्याही हातातील मोबाइलवर ‘शेवटचे काही तास’ अशी दवंडी घटकेघटकेस पिटली जावी, असा हा काळ आहे; आणि आमच्या घरात हाच काळ एका वादाचाही हंगाम ठरून गेला आहे. वादी माझे काका, प्रतिवादी माझी आई. काका सरकारच्या वैधमापनशास्त्र खात्यात, ज्यास ते स्वतः अजूनही ‘वजनमापे’ असेच म्हणतात, निरीक्षक होते. आईची सारी नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेत, बहुतांशी ठेवींच्या खिडकीमागे गेली. फसवणूक या विषयावर दोघांनाही अधिकारवाणीने बोलता येते, आणि म्हणूनच एकाचे म्हणणे दुसऱ्यास यत्किंचितही पटत नाही. यंदा वसुबारसेच्या संध्याकाळी, आई अनारशांचे पीठ मळीत बसली असता, जी चकमक झडली ती मी येथे शक्य तितकी यथातथ्य मांडीत आहे.

निमित्त झाले पेढ्यांच्या डब्याचे. काका मिठाईच्या दुकानातून परतले ते विजयी मुद्रेने.

“वहिनी, आज एकाचा कान पकडून आलो. अर्धा किलो पेढे मागितले, तर त्या पोराने आधी पुठ्ठ्याचा डबा काट्यावर ठेवला, आकडा शून्यावर न आणता तसाच वर पेढे रचीत गेला, आणि पाचशेचा आकडा दिसताच हात आखडता घेतला. मी म्हटले, पेढे उतरव आणि नुसता डबा तोलून दाखव. ऐंशी ग्रॅम! किलोस आठशे रुपये भाव, म्हणजे चौसष्ट रुपयांचा पुठ्ठा मी पेढ्याच्या भावाने घरी आणणार होतो. माल निव्वळ वजनाने विकला पाहिजे हा कायदा आहे. पण माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या सद्गृहस्थांनी त्या पोराकडे न पाहता माझ्याकडेच रागाने पाहिले, की या म्हाताऱ्यापायी आपल्याला उशीर होतो आहे.”

“बरे केलेत,” आई म्हणाली, “पण दुसऱ्या दिवशी तोच डबा तसाच ठेवला जाणार.”

“जाणारच! कारण गिऱ्हाईक झोपलेले आहे. माझे म्हणणे इतकेच, आणि ते मी आयुष्यभर सांगत आलो आहे, की जागृत गिऱ्हाइकापुढे लबाडाचे काही चालत नाही, आणि झोपलेल्या गिऱ्हाइकास प्रत्यक्ष परमेश्वरही वाचवू शकत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी झाली पाहिजे, लोखंडी वजनांची चोवीस महिन्यांनी. काट्याला शिशाचे सील असते, वजनावर खात्याची मुद्रा असते, आणि पडताळणीचा दाखला दुकानात दर्शनी जागी लावावा लागतो. पण ‘दाखला दाखवा’ असे म्हणणारे गिऱ्हाईक मला साऱ्या नोकरीत क्वचितच भेटले. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात, कंटकशोधनात, व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण करण्यावर स्वतंत्र अध्याय घातला आहे आणि खोट्या तराजूस दंड सांगितला आहे. पेशवाईत शहरच्या कोतवालाकडे बाजाराच्या वजनमापांची देखरेख होती. १९५८ साली शेर जाऊन किलो आले. राज्ये गेली, मापे गेली, गिऱ्हाइकाची झोप तेवढी कायम राहिली.”

काकांचे हे वक्तव्य आम्ही घरात इतक्या वेळा ऐकले आहे की कौटिल्यापाशी आल्यावर मुले उठून जातात. पण त्यात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. धनत्रयोदशीस सोने घेण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी जे सांगितले ते तर मी चिठ्ठीवर लिहून घेतले. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्ती झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या कक्षेतील प्रत्येक दागिन्यावर अंक व अक्षरे मिळून सहा चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक असल्याखेरीज तो विकता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, ‘२२ के ९१६’ असा शुद्धतेचा निर्देश आणि हा सहा चिन्हांचा क्रमांक, या तीन खुणा सराफाच्या भिंगाखाली आपण स्वतः पाहाव्यात, आणि तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये दुकानातच उभे राहून घालावा, म्हणजे दागिना कोणत्या प्रकारचा, कोणत्या शुद्धतेचा, कोणत्या केंद्रात तपासला हे समोर येते. पावतीवर ‘बांगडी’ आणि पडद्यावर ‘अंगठी’ असे दिसले, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. शुद्धता लिहिल्यापेक्षा कमी निघाल्यास फरकाच्या दुप्पट भरपाई मागण्याचा अधिकार नियमांनीच दिला आहे. पण त्यासाठी पावती हवी, आणि ‘पावती नको असेल तर जीएसटी वाचेल’ या सराफी कुजबुजीस मान तुकविणाऱ्याने तो अधिकार दुकानाच्या पायरीवरच सोडून दिलेला असतो. दोन ग्रॅमांहून हलक्या दागिन्यास मात्र ही सक्ती नाही, सबब ओवाळणीत घालावयाची चमकी घेताना डोळे अधिकच उघडे ठेवावेत, हा काकांचा जोडसल्ला.

आईने यातले काहीही नाकारले नाही. तिने पिठाचा गोळा झाकून ठेवला, हात पुसले आणि म्हणाली :

“भाऊजी, तुमचे सारे खरे आहे, पण तुमच्या चोराला दुकान आहे. त्याला पाटी आहे, काटा आहे, शेजारी आहेत, आणि उद्या तुम्ही पुन्हा दारात उभे राहाल ही धास्ती आहे. म्हणून तो चौसष्ट रुपयांवर थांबतो. तो पुष्कळांकडून थोडे थोडे घेतो. आता जो आला आहे तो एकाकडूनच सारे घेतो, आणि त्याला दुकानच नाही. तो माल कमी तोलीत नाही. तो मालाच्या भानगडीत पडतच नाही. त्याला तुमची संमती हवी असते. तुमच्याच बोटाने, तुमच्याच पिनने दिलेली. तुमच्या खात्याने वजने तपासली. संमती तोलणारा काटा कोणत्या खात्याकडे आहे?”

“संमती द्यावी कशाला?”

“सांगते. दिवाळीची साफसफाई निघाली की लोक जुना सोफा, जुने कपाट मोबाइलवर विकायला काढतात. लगेच एक गिऱ्हाईक उभे राहते. मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, सामान न्यायला माणूस पाठवितो, भाव तुमचाच. घासाघीस नाही! मग तो एक क्यूआर कोड पाठवितो, ‘हा स्कॅन करा, पिन घाला, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ आणि पैसे जातात. यूपीआय २०१६ साली आले, आज ते भाजीवालीपासून सराफापर्यंत सर्वत्र आहे, तरी एवढी गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडली नाही की पिन हा पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. पैसे येताना तुम्हाला काही म्हणजे काही करावे लागत नाही. समोरच्याने मागणी धाडायची आणि आपण ती पावती समजून मंजूर करायची, हा प्रकार तर इतका बोकाळला की नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने माणसामाणसांतल्या अशा मागण्याच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करून टाकल्या.”

“म्हणजे दार लावले.”

“एक दार. क्यूआरचे उघडेच आहे. आणि दुसरे, बँकेच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघतात म्हणून रिझर्व्ह बँकेने साऱ्या बँकांना आपले पत्ते ‘बँक डॉट इन’ या एकाच शेपटीखाली आणायला लावले, त्याची मुदत ऑक्टोबर २०२५ अखेरची होती. चांगलेच झाले. पण ज्या बाईला ‘पत्ता अपूर्ण असल्याने आपले पार्सल अडकले आहे, पाच रुपये भरा’ असा निरोप येतो, आणि जिने खरोखरच चार पार्सले मागविलेली असतात, ती शेपटी पाहत बसत नाही.”

येथे काकांनी आपले जुने शस्त्र बाहेर काढले. “वहिनी, या सगळ्याच्या मुळाशी एकच वस्तू आहे, आणि तिचे नाव लोभ. येवल्याच्या हातमागावर एक पैठणी उतरायला विणकराचे किती दिवस जातात हे ज्या प्रांतात पोरालाही ठाऊक आहे, जिच्या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, ती पैठणी कोणी नऊशे नव्याण्णव रुपयांत घरपोच देतो म्हणाला, तर देणारा लबाड आहे हे सांगायला निरीक्षक लागतो काय? ना सिल्क मार्कची चिठ्ठी, ना विक्रेत्याचा पत्ता, ना परत घेण्याची अट. जो फसतो तो आधी आपल्या लोभाने फसतो. मला त्याची कीव येत नाही.”

“समोरच्या वाड्यातल्या त्या शिक्षिका आठवतात?” आईने विचारले.

मग तिने जे सांगितले ते आम्हांपैकी कोणासच ठाऊक नव्हते. गेल्या वर्षी त्या बाईंनी हीच नऊशे नव्याण्णवची पैठणी मागविली. पैसे गेले, साडी आली नाही. इथवर गोष्ट काकांच्या सिद्धान्तात चपखल बसते. पण त्या लोभी नव्हत्या, हिशेबी होत्या. नऊशे नव्याण्णव रुपये सोडून देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. म्हणून त्यांनी मोबाइलवर त्या दुकानाचा तक्रारीचा क्रमांक शोधला. शोधयंत्राने जो पहिला क्रमांक दाखविला तोही चोरांनीच पेरलेला होता. पलीकडचा मनुष्य अत्यंत अदबशीर. त्याने क्षमा मागितली, परताव्याची मुदत आज रात्री बारापर्यंतच आहे असे बजावले, आणि सांगितले की आपण यूपीआय उघडा, मी सांगतो तो क्रमांक निवडा, आणि रकमेच्या चौकटीत मी देतो तो ‘परताव्याचा संकेतांक’ लिहा : दोन, चार, तीन, पाच, शून्य. बाईंनी एकेक आकडा लिहिला, पिन घातला. चोवीस हजार तीनशे पन्नास रुपये गेले. त्या घाबरल्या तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, संकेतांक चुकला, रक्कम उलटली, पुन्हा तोच घाला म्हणजे दोन्ही एकदम परत येतील.” बाईंनी पुन्हा घातला.

“आणि शाळेत शिकवीत काय होत्या, गणितच ना?” असे म्हणून काका मोठ्याने हसले.

आई हसली नाही. ती म्हणाली, “भाऊजी, आता जे हसलात ना, त्या हसण्याची किंमत अठ्ठेचाळीस हजार सातशे रुपये.”

काका गोंधळले. आई पुढे म्हणाली, “हे घडले वसुबारसेला. त्यांनी मला सांगितले भाऊबिजेनंतर. मधले सारे दिवस त्या फराळ वाटीत होत्या, पाहुण्यांना ओवाळीत होत्या, आणि हा काटा गिळून होत्या. कारण घरात यजमान, दोन मुलगे, आणि प्रत्येकजण हेच वाक्य बोलणार होता जे तुम्ही आता बोललात. पैसा चोरला जातो तो क्षणात. पण तो चोराच्या हाती रोख पडायला वेळ लागतो. आधी तो कोणा तरी गरिबाच्या भाड्याने घेतलेल्या खात्यात जातो, तिथून आणखी दोघातिघांच्या, आणि मग कुठल्या तरी यंत्रातून नोटा होऊन बाहेर पडतो. तो खात्यांच्या साखळीत आहे तोवर अडविता येतो. १९३० हा क्रमांक त्यासाठीच आहे. फोन केला की तक्रार त्या त्या बँकेकडे जाते, आणि रक्कम जिथे सापडेल तिथे गोठविली जाते. तासाभरात फोन केला तर आशा असते. भाऊबिजेनंतर तिथे काय उरणार?”

“बँकेने भरून द्यायला नको?”

“कशी देईल? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने नियम घालून दिला. खातेदाराचा किंवा बँकेचा काही दोष नसता, तिऱ्हाइताने मधल्या मध्ये पैसे काढले, तर तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्याची एका पैचीही जबाबदारी नाही. चार ते सात दिवसांत कळविले तर ठराविक मर्यादेपर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. परंतु खातेदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने, म्हणजे त्यानेच पिन किंवा ओटीपी देऊन नुकसान झाले असेल, तर कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. कळविल्यानंतरचे बँकेचे.”

“पाहा!” काकांचा चेहरा उजळला. “कायदा माझ्याच बाजूचा आहे. ज्याची चूक त्याचा भुर्दंड.”

“आहेच तुमच्या बाजूचा. म्हणून तर सांगते, की ज्या बाबतीत कायद्याकडून भरपाई मिळायची नाही, त्या बाबतीत वेळ हीच एक भरपाई आहे. आणि ती वेळ कोण खाते? चोर नाही खात. घर खाते. ‘लोभाने फसला, कीव येत नाही’ हे तुमचे सूत्र ज्या घरात चालते त्या घरात फसलेले माणूस आधी दाराची कडी लावून विचार करते, की हे लपवावे कसे.”

या मुद्द्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि वादात काकांनी काही काळ मौन धरणे ही आमच्याकडे लहानसहान घटना नव्हे. मला स्वतःला येथे आईची बाजू घेणे भाग आहे. काकांची जागरूकता हा एक सद्गुण खरा. पण त्या सद्गुणाबरोबर फसलेल्याविषयीचा जो तुच्छभाव सहज येतो तो चोराच्या पथ्यावरच पडतो. आपण जागरूकतेचा गौरव करता करता फसलेल्यास गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करितो, आणि मग त्याने आपणहून पुढे येऊन जबानी द्यावी अशी अपेक्षा धरितो. तथापि काकांचा पराभव झाला असे समजण्याचे कारण नाही. त्यांनी आघाडी बदलली इतकेच.

“ठीक आहे,” ते म्हणाले, “मग माझ्या मार्गाने चला. मोबाइलवरून काही घेऊच नका. ओळखीचे दुकान, पिढ्यांचा व्यवहार, समोरासमोर माल. ओळखीचा माणूस बुडवीत नाही.”

“२०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीत आणि ठाण्यात काय झाले, भाऊजी? तिथल्या एका सराफी पेढीत लोकांनी महिन्यामहिन्याला पैसे भरले होते, दिवाळीला दागिना घ्यायचा म्हणून. पेढी ओळखीची, विश्वासाची, जाहिरातीत झळकणारी. आणि ऐन सणात दुकानांना कुलूप. भाऊबीज लोकांनी पोलीस ठाण्याच्या दारात काढली.”

काकांना हे ठाऊक होते, किंबहुना त्यांच्या मेहुण्याचे पैसे तशाच एका योजनेत अडकले होते, आणि आईने त्या मेहुण्याचे नाव घेतले नाही ही तिची सभ्यता. तिने फक्त व्यवहार समजावून सांगितला. सराफाच्या योजना बहुधा अकरा महिन्यांच्या का असतात? कारण मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीने तीनशे पासष्ट दिवसांच्या आत मालात वळविली नाही, तर कायदा तिला ठेव समजतो, आणि ठेव घेण्याचे नियम कडक आहेत. म्हणजे अकरा महिन्यांची योजना कायद्याने ठेवच नव्हे, आणि बँकेतील ठेवीस पाच लाखांपर्यंत विम्याचे जे कवच असते, ते तिला नाही. गल्लीतल्या दिवाळी भिशीचेही तेच. तिथे तर पावती मागणे हाच भिशी चालविणाऱ्या वहिनींचा अपमान समजला जातो. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ सालीच झाला, आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा तर १९९९ चा. जप्तीची तजवीज दोहोंत आहे. पण जप्ती, लिलाव आणि वाटप यांत ठेवीदाराचे केस पांढरे होतात.

“मग ओळख नको, अनोळख नको, तर माणसाने खरेदी करावी कुठे?” काकांनी हात झटकले.

“खरेदी कुठेही करा. ओळखीवर उधारी देऊ नका, आणि घाईवर संमती देऊ नका. बाकी बाजार दोन्हीकडे सारखाच.”

घाईचे नाव निघाले तेव्हा मीही माझे घोडे पुढे दामटले. नामांकित, कायदेशीर दुकानांच्या अ‍ॅपवरही ‘आता फक्त दोन नग शिल्लक’ असे लिहिलेले असते, घड्याळाचे काटे उलटे फिरत असतात, आणि पैसे भरावयाच्या क्षणी टोपलीत आपण न घातलेला विमा येऊन बसतो. मग चोर आणि साव यांत भेद कसा करावा? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी असल्या तेरा क्लृप्त्यांची यादीच करून त्यांस मनाई केली आहे, आणि खोटी निकड हा त्यातला एक प्रकार. आईचे उत्तर असे की, भेद करण्याची जबाबदारी सणाच्या गडबडीत असलेल्या माणसावर टाकणेच चुकीचे आहे. साव दुकानदार जेव्हा गिऱ्हाइकास घाईची सवय लावतो तेव्हा तो चोरासाठी जमीन नांगरून ठेवतो, आणि पीक दुसराच काढतो.

काकांनी आता रिझर्व्ह बँकेसच साक्षीस बोलाविले. “२०२२ साली त्यांनी ‘राजू आणि चाळीस चोर’ म्हणून पुस्तिका काढली. फसवणुकीच्या चाळीस गोष्टी, चित्रांसकट. फुकट. वाचतो कोण? लोकांना शहाणे व्हायचेच नसेल तर…”

“मी वाचली आहे. चांगली आहे. पण पैशाचा विषय डोक्यात असताना चाळीस गोष्टी कोणाला आठवतात? आणि चोर एक्केचाळिसावी रचतोच. यंदाची पाहा : पार्सल आणणारा दारात येतो, आपण मागविलेले नसते, तो म्हणतो, रद्द करायचे असेल तर आलेला ओटीपी सांगा. परवा आलेल्या एका निरोपात दिवाळीच्या शुभेच्छांच्या नावाखाली एपीके प्रकारची फाइल होती; ती दाबली असती तर मोबाइलमध्ये चोराचा बिऱ्हाडकरू येऊन राहिला असता, आपले संदेश वाचत. या प्रत्येकीची ओळख वेगवेगळी पाठ करायची म्हटली तर आयुष्य पुरणार नाही. मी दोनच गोष्टी पाहते. या क्षणी पैसा कोणीकडे जातो आहे? आणि मला घाई कोण करतो आहे? दुसऱ्याचे उत्तर मिळाले की मी फोन ठेवते. खऱ्या बँकेचा माणूस तुम्ही फोन ठेवल्याने रागावत नाही.”

“आणि फसलात तर?”

“तर १९३०. त्याच मिनिटाला. मग बँकेला. मग केंद्राच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या स्थळावर तक्रार पुरी करायची. फोनवर जो पोचक्रमांक मिळतो तो घेऊन, चोवीस तासांच्या आत. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरच्याचा यूपीआय पत्ता, आणि संभाषणाची छायाचित्रे. रागाने काही पुसून टाकायचे नाही. माल खराब आला, पैसे परत देत नाहीत, अशी साधी तक्रार असेल तर तो क्रमांक वेगळा, १९१५, ग्राहकांचा. दोन्ही मी फ्रिजच्या दारावर लिहून ठेवले आहेत.”

“तोंडी तक्रारीस किंमत नाही, लेखी पाहिजे, हे मी म्हणत होतो तेच,” काका समाधानाने म्हणाले. आणि भारतीय दंड विधान जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आल्यामुळे फसवणुकीचे कलम ४२० वरून ३१८ झाले आहे, तेव्हा फिर्यादीत जुना आकडा घालू नये, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. मग क्षणभर विचार करून ते म्हणाले, “वहिनी, तुमचे एक मी मान्य करतो. हसणार नाही. पण माझे एक तुम्ही मान्य करा. ज्या क्रमांकास आपण पूर्वी कधी पैसे दिले नाहीत, त्यास पहिल्यांदा दिलेला पैसा सरकारने एक तास अडवून ठेवावा. नेट बँकिंगमध्ये नव्या नावाला पहिल्या दिवशी मोठी रक्कम पुष्कळ बँका देऊ देत नाहीत, मग यूपीआयला काय झाले? तुमच्या शिक्षिकाबाईंना तो एक तास मिळाला असता तर त्या स्वतःच शुद्धीवर आल्या असत्या.”

आईने हे सहज झिडकारले नाही. मोठ्या रकमेस असा विलंब असावा, वृद्धांना तो मागून घेता यावा, इतपत ती आली. “पण सरसकट नको, भाऊजी. उद्या पहाटे मंडईबाहेर झेंडूची फुले घेऊन जी बाई बसेल, तिचा क्रमांक तुमच्या मोबाइलला नवाच असणार. तिचे साठ रुपये तासभर अडकले तर ती तुम्हाला फुले देईल, की तासभर तुमच्या तोंडाकडे बघत बसेल?”

“तिला रोख द्यावे.”

“सुट्टे आहेत तुमच्याकडे?”

काकांनी खिसे चाचपले. पाचशेच्या तीन नोटा निघाल्या, आणि मग, मोबाइलवरून मागवावयाचे नाही असे नुकतेच बजावून झालेले असता, त्यांनी मलाच मोबाइल काढावयास लावून झेंडूचे दोन किलो घरपोच सांगितले; वजन मात्र दारात, माळ ओवण्यापूर्वी, त्यांच्या जुन्या हातकाट्यावर करून घेणार आहेत.